देवभाताचं देणं

गणपती उठले की भंडारा-गोंदियाकडची धानाची शेतं पोटरीला येऊ लागतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला सगळं हिरवंगार दिसतं. जाणता शेतकरी मात्र पानांवर विश्वास ठेवत नाही. तो बांधीत उतरतो, वाकतो, एक चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुपका, दोन्ही हातांनी फाकवतो आणि पाण्याच्या चार बोटं वर, जिथे फुटवे एकमेकांना चिकटून सावली धरतात, तिथे डोळे लावतो. तिळाएवढे, पाचरीसारखे तपकिरी किडे तिथे बुंध्याला चिकटलेले असतात. चुडाला टपली मारली की दहा-वीस पाण्यात पडतात आणि पाण्यावरूनच तुरुतुरु चालत पुन्हा बुंध्यावर चढतात. हा तपकिरी तुडतुडा. तिकडे बोलताना त्याला ‘मावा’च म्हणतात.

तो पान कुरतडत नाही. सोंड खुपसतो आणि रस ओढतो. संख्या वाढली की बांधीच्या मधोमध एक गोल चट्टा आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि कुणी काडी लावावी तसा वाळून कोलमडतो. चट्टा दिवसागणिक पसरतो. लोंब्या भरत आलेल्या असताना हे बघावं लागणं फार जिवावर येतं.

याच तुडतुड्याच्या अंगातून एक विषाणूही शेतोशेत फिरतो. १९७० च्या दशकात आग्नेय आशियात त्यानं भाताची दाणादाण उडवली होती. त्यावरचा उतारा सापडला उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानगवतात. पिकांची जनुकीय विविधता म्हणजे नेमकं काय आणि ती राखायला माणसं इतकी धडपडतात का, हे मला पटलं ते या गवतामुळे. म्हणून समजावून सांगायचं तर त्याच्याच वाटेनं जाऊ.

आधी एक शब्द मोकळा करून घेऊ. जनुक म्हणजे पेशीत लिहून ठेवलेली सूचना. कांडं किती वाढवायचं, दाण्याला वास द्यायचा की नाही, बुरशीचा कण पानावर उतरला तर काय करायचं, अशा हजारो सूचना भाताच्या प्रत्येक पेशीत असतात. आंबेमोहर, चिन्नोर, लुचई, दुबराज ही सगळी भातंच. त्यांच्या बहुतेक सूचना सारख्या, काही वेगळ्या. एखादी सूचना एका वाणात असते, दुसऱ्यात नसते, तिसऱ्यात थोडी बदललेली असते. या सगळ्या वेगळेपणाची जी बेरीज होते ती जनुकीय विविधता. शेतात ती डोळ्यांना फारशी दिसत नाही. रोग आला की दिसते, कारण तेव्हा एका शेतातलं पीक आडवं होतं आणि शेजारचं उभं राहतं.

आता १९६६ सालात जाऊ. फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिला सगळे ‘इरी’ म्हणतात. तिनं त्या वर्षी आयआर-८ नावाचं बुटकं वाण दिलं. जुनं उंच धान खत घातलं की नुसतं वाढायचं आणि दाणा भरला की लोळायचं. आयआर-८ चं कांडं आखूड आणि टणक, त्यामुळे खत पचवून ते उभं राहायचं. त्याचा बुटकेपणा तैवानकडच्या डी-जिओ-वू-जेन या एका जुन्या वाणातून आला होता. उत्पादन असं वाढलं की आशियाभर शेतकऱ्यांनी हे वाण आणि त्याची भावंडं उचलून धरली. हरितक्रांतीला आज बसल्या जागी नावं ठेवली जातात, ते मला पटत नाही. त्या काळात दुष्काळाची भीती खरी होती आणि त्या धानानं कोट्यवधी पोटं भरली.

पण शेताचं रूप त्यानं बदललं, हेही खरं. पूर्वी गावात दहा-पंधरा वाणं, वेगवेगळ्या दिवसांत पेरलेली, वेगवेगळ्या दिवसांत पिकणारी. आता कालव्याचं पाणी आलं, वर्षात दोन-तीन पिकं आली आणि शिवारच्या शिवार एका घडणीचं झालं. युरिया मिळाल्यानं चूड दाट आणि रसरशीत. तुडतुड्याला याहून काय हवं? त्याच्या पंक्तीत खंड पडेना.

गवताच्या ठोंबासारखं धान

तुडतुड्यानं पसरवलेल्या त्या रोगाचं नाव ग्रासी स्टंट. रोग लागलेलं रोप उंच होत नाही. बुडातून फुटव्यांवर फुटवे काढत बसतं, पानं अरुंद आणि ताठ होतात आणि बघता बघता धानाचा गवतासारखा ठोंब होतो. लोंबी आलीच तर पळजाची, दाणा न भरलेली. फवारणी करून विषाणू मरत नाही. रोपाच्या अंगातच त्याला अडवणारी सूचना असली तर उपाय, नाहीतर नाही.

म्हणून इरीच्या शास्त्रज्ञांनी आपली जनुकपेढी धुंडाळायला घेतली. जनुकपेढी म्हणजे बियाण्यांचं कोठार, जिथे देशोदेशींच्या वाणांचे नमुने थंडीत जपलेले असतात. रोगट रोपांवर पोसलेले तुडतुडे कोवळ्या रोपांवर सोडायचे, त्यांना रस पिऊ द्यायचा आणि मग महिनाभर वाट बघायची. लागवडीच्या भाताचे सहा हजारांहून जास्त नमुने असे तपासले गेले. एकही टिकला नाही. टिकला तो रानभाताचा एक नमुना, आणि त्यातलीही सगळी नव्हे, थोडीच रोपं.

त्या रानभाताचं शास्त्रीय नाव ओरायझा निवारा. मराठी माणसाला ‘निवारा’ वाचून आसरा आठवेल, पण मूळ शब्द संस्कृतातला ‘नीवार’. न पेरता उगवणारं, आश्रमातल्या ऋषींचं धान्य म्हणून तो आपल्या जुन्या वाङ्मयात सतत भेटतो. शर्मा आणि शास्त्री या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये या जातीचं वर्णन केलं आणि तोच जुना शब्द तिच्या नावात ठेवला. असल्या रानभाताला आपल्याकडे देवभात म्हणतात. छत्तीसगडात तो पसहर. खमरछठच्या उपवासाला तिथल्या आया मुलांसाठी पसहरचाच भात शिजवतात, कारण त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतलं चालत नाही. आपल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणतात, त्याच जातकुळीची ही चाल.

दिसायला हे गवत काहीच नाही. डबक्याच्या, तलावाच्या, बांधाच्या कडेला पावसात उगवतं. दाणा बारीक, त्याला लांब कुसळ, आणि पिकला की लगेच गळतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सगळे दुर्गुण एका ठिकाणी. मग त्यातली एकच चांगली सूचना उचलून लागवडीच्या धानात आणायची कशी?

त्यासाठी पैदासकार, म्हणजे नवी वाणं घडवणारे शास्त्रज्ञ, परतसंकर करतात. नीवाराचा चांगल्या वाणाशी संकर केला की पहिल्या पिढीत निम्मा वाटा रानाचा असतो. त्यातलं रोग न लागलेलं रोप निवडायचं आणि त्याचा पुन्हा त्याच चांगल्या वाणाशी संकर करायचा. रानाचा वाटा सरासरीनं पाव होतो. पुन्हा संकर, तो दोन आणे, म्हणजे आठवा भाग. पुन्हा केला की एक आणा. प्रत्येक पिढीत रोपांना मुद्दाम रोग लावून बघायचं, म्हणजे हवी ती सूचना वाटेत हरवत नाही. शेवटी दिसायला, शिजायला, कापायला वाण जवळजवळ पूर्वीचंच राहतं, फक्त रानातली ती एक ओळ त्यात लिहिली गेलेली असते. हे सगळं परागकण हातानं झाडून, फुलोऱ्याच्या थोड्या तासांत, चिमट्यानं केलेलं काम आहे.

या कामातून १९७४ मध्ये आयआर-२८, आयआर-२९ आणि आयआर-३० ही वाणं निघाली. १९७६ मध्ये आयआर-३६ आलं. त्याच्या वंशावळीत सहा देशांतली तेरा वाणं आणि शिवाय नीवार. गुरुदेव खुश या पंजाबात जन्मलेल्या पैदासकाराचं हे काम, ज्यांना हेन्री बीचेल यांच्यासह १९९६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९८० च्या दशकात आयआर-३६ जगात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरवर उभं होतं. महाराष्ट्राचं सगळं क्षेत्रफळ साधारण ३ कोटी हेक्टर. म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त जमिनीवर, प्रत्येक रोपाच्या अंगात, उत्तर प्रदेशातल्या त्या मूठभर गवताची एक सूचना होती.

जागल्या आणि बदललेले चेहरे

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. विषाणूचा बंदोबस्त झाला, पण विषाणू वाहून आणणारा तुडतुडा तर तिथेच होता, आणि त्याचं प्रकरण वेगळं निघालं.

तुडतुड्याला टिकून राहणारी वाणंही शोधली गेली होती. मुडगो हे भारतातलं एक जुनं वाण त्याला दाद देत नव्हतं. त्याच्यातली सूचना घेऊन १९७३ मध्ये आयआर-२६ आलं. शेतकऱ्यांनी ते आनंदानं लावलं. दोन-तीन वर्षांतच फिलिपिन्स आणि इंडोनेशियात तेच वाण तुडतुड्यानं पुन्हा जाळायला सुरुवात केली.

झालं काय? बऱ्याचदा रोपातली अशी प्रतिकाराची सूचना वेशीवरच्या जागल्यासारखी असते. जागल्या एका चेहऱ्याच्या चोराला ओळखतो, ओरडतो आणि गाव जागं होतं. पण लाखो तुडतुड्यांत थोडे जन्मतःच वेगळ्या चेहऱ्याचे असतात. सगळ्या शिवारात तोच एक जागल्या असेल तर ओळखीचे चेहरे उपाशी मरतात आणि वेगळे चेहरे मोकळ्या रानात पोरं वाढवतात. तुडतुड्याची पिढी महिनाभराची. थोड्या हंगामांत शेतात उरतात ते फक्त त्या जागल्याला न दिसणारे. रोपानं प्रतिकार गमावलेला नसतो. समोरची झुंड बदललेली असते.

मग आयआर-३६ मध्ये दुसरा जागल्या आला, पुढच्या वाणांत श्रीलंकेच्या रथू हीनाटी या जुन्या वाणातला तिसरा. आजवर तुडतुड्याविरुद्धची तीसहून जास्त जनुकं शोधली गेली आहेत, आणि त्यातली कितीतरी देशी वाणांतून व रानभातांतून आलेली आहेत. ही साठवण नसती तर दुसऱ्या फेरीलाच हात टेकावे लागले असते.

हा शोध कसा चालतो तेही बघण्यासारखं आहे. एक उथळ ट्रे, त्यात चिखल, त्यावर ओळी. प्रत्येक ओळीत एका वाणाची वीसेक रोपं. मधल्या ओळीत तायचुंग नेटिव्ह-१ हे वाण, ज्याला तुडतुडा हमखास मारतो. ते मापाला ठेवलेलं असतं. रोपं आठवड्याभराची झाली की दर रोपाला आठ-दहा पिल्लं पडतील अशा हिशेबानं तुडतुडे झटकून सोडायचे आणि वर जाळी ओढायची. मग रोज बघायचं. तायचुंगची ओळ पिवळी पडते, माना टाकते, वाळते. ती मेली की त्याच दिवशी बाकीच्या ओळींना शून्य ते नऊ असे गुण द्यायचे. नऊ म्हणजे मेलेली, शून्य म्हणजे धक्काही न लागलेली. बहुतेक ट्रे बघताना नऊ, नऊ, सात, नऊ असंच लिहीत जावं लागतं. आणि मग एखाद्या ट्रेमध्ये, वाळलेल्या ओळींच्या मधोमध, कुठल्याशा डोंगराळ गावातून आलेल्या धानाची एक ओळ हिरवी उभी असते.

आपल्या विदर्भातल्या धानाचा दुसरा मोठा शत्रू गादमाशी. तिची अळी पोंग्यात शिरते आणि लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ चंदेरी नळी बाहेर येते. भारतात गादमाशीचे सात जैवप्रकार नोंदलेले आहेत. जैवप्रकार म्हणजे दिसायला सारख्याच, पण वेगळ्या जागल्याला चकवणाऱ्या टोळ्या. म्हणून एका राज्यात टिकणारं वाण दुसऱ्या राज्यात मार खातं. बियाण्याच्या पिशवीवर ‘गादमाशी प्रतिकारक’ एवढंच वाचून भागत नाही. आपल्या भागातल्या चाचणीत ते टिकलं आहे का, हे विचारावं लागतं.

फवारणी करून हा सगळा खटाटोप वाचवता येईल, असं एका काळी वाटलं होतं. उलट झालं. तुडतुड्याची अंडी खाणारे ढेकणाच्या जातीचे किडे आणि पिल्लं धरणारे कोळी औषधानं आधी मेले. खोडात रुतवलेली तुडतुड्याची अंडी वाचली, आणि ती फुटली तेव्हा खायला धान होतं, अडवायला कुणी नव्हतं. इंडोनेशियात हे इतकं हाताबाहेर गेलं की १९८६ मध्ये सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

मग टिकाऊ उपाय कुठला? पैदासकारांचं एक उत्तर असं की एका वाणात एकाऐवजी दोन-तीन जागले बसवायचे, म्हणजे एकाला चकवणारा दुसऱ्याच्या हाती सापडतो. सांबा मसुरीचं उदाहरण घ्या. खायला अप्रतिम, पण कडा करप्याला, म्हणजे पानांच्या कडा वाळवणाऱ्या जिवाणूच्या रोगाला, नाजूक. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं आणि तिथल्याच सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्राच्या संस्थेनं मिळून तिच्यात या रोगाविरुद्धची तीन जनुकं आणली. त्यातलं एक मूळचं पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या रानभाताचं.

दुसरं उत्तर शेतातच देता येतं, आणि मला ते जास्त आवडतं. चीनच्या युन्नान प्रांतात चिकट भाताला चांगला भाव, पण करपा हा बुरशीचा रोग त्याला खाऊन टाकायचा. १९९८ आणि १९९९ मध्ये तिथल्या हजारो शेतकऱ्यांनी करपा सोसणाऱ्या संकरित धानाच्या दर काही ओळींमागे चिकट भाताची एक ओळ लावली. नवीन औषध नाही, नवीन बियाणं नाही. चिकट भातावरचा करपा एकट्यानं लावलेल्या शेतापेक्षा ९४ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याचं उत्पादन ८९ टक्क्यांनी वाढलं. बुरशीचा कण एका चिकट रोपावरून उडाला तर पुढे तसंच रोप सापडायला चार-सहा ओळी ओलांडाव्या लागायच्या, आणि तेवढ्यात तो वाया जायचा.

याच्या अगदी उलट घडलं अमेरिकेत. १९७० मध्ये तिथल्या मक्याच्या संकरित बियाण्यापैकी बहुतेक सगळ्यात नर-वंध्यत्वाचा, म्हणजे तुऱ्यात चांगला पराग न धरण्याच्या गुणाचा, एकच स्रोत वापरलेला होता. त्यामुळे बियाणं बनवणं स्वस्त पडायचं. त्याच स्रोताला नेमकी लागणारी करप्याची बुरशी आली आणि देशाचा सुमारे १५ टक्के मका एका हंगामात गेला. वरून शेकडो नावांचं बियाणं विकलं जात होतं. आतून सगळ्यांची एक शीर सारखी होती.

थंडीत ठेवलेलं आणि काठावर उरलेलं

इरीच्या पेढीत आज भाताचे १ लाख ३० हजारांहून जास्त नमुने आहेत. दिल्लीला राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या पेढीत सगळ्या पिकांचे मिळून साडेचार लाखांच्या घरात. तिथे वाळवलेलं बी उणे १८ अंशांत ठेवतात. या ब्यूरोचं एक केंद्र आपल्या अकोल्यात आहे.

पेढी हवीच, यात वाद नाही. पण पाकिटातलं बी झोपलेलं असतं. ज्या दिवशी गोळा केलं त्या दिवसापर्यंतचंच त्याला ठाऊक असतं. तलावाच्या काठावरचं रानभात मात्र दर पावसाळ्यात नव्या किडीला, नव्या बुरशीला तोंड देत असतं. त्यातलं काही मरतं, काही टिकतं आणि टिकलेल्याचं बी पुन्हा चिखलात गळतं. म्हणून पेढीतल्या बियांसोबत काठावरचं गवतही लागतं.

आणि इथे खरी अडचण आहे. शेतकऱ्याला देवभात बांधीत नको असतो, आणि त्याचं बरोबर आहे. रानभात धानाशी संकरित होऊन असं तण बनतं जे लोंबी येईपर्यंत ओळखूच येत नाही आणि कापणीआधी गळून जातं. छत्तीसगडात त्याला करगा म्हणतात. त्याच्या त्रासानं रायपूरच्या शास्त्रज्ञांनी श्यामला नावाचं जांभळ्या पानांचं धान काढलं, ज्यात हिरवं दिसेल ते उपटायचं. ज्या गवतानं पीक वाचवलं तेच पिकाला नकोसं. ‘शेतकऱ्यांनी रानभात जपावा’ असं शहरात बसून लिहिणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. बांधी शेतकऱ्याची आहे. काठ मात्र सगळ्यांचा आहे.

पूर्व विदर्भात हा काठ म्हणजे माजी मालगुजारी तलाव, लोकांचे मामा तलाव. गाळ काढायला जेसीबी येतो तेव्हा काठाची उतरण सरळ कापली जाते, आणि गुडघाभर पाण्यात उगवणाऱ्या गवतांची जागा त्याच दुपारी जाते. तलाव खोल व्हायला हवेत. पण एका बाजूची उतरण तशीच सोडता येते, आणि यंत्र येण्याआधी बी गोळा करता येतं. लोंबी गळायच्या आत तिला कापडी पिशवी बांधून ठेवायची. शेजारच्या पंधरा-वीस ठोंबांचंही थोडं थोडं घ्यायचं, कारण एकाच ठोंबात सगळं नसतं. नीवाराच्या त्या नमुन्यातलीही थोडीच रोपं टिकली होती. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरायचं आणि पाकिटावर गावाचं नाव, तलावाचं नाव, तारीख, पाणी किती होतं, कुसळाचा रंग आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका त्याला काय म्हणतात ते लिहायचं. मग जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा अकोल्याच्या केंद्राला कळवायचं.